मेंढा गावी एक दिवस

ब्रह्मपुरीला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला चहा संपता संपता, एक प्रश्न हमखास निघतो : "इकडे पाहण्यासारखे काय आहे?" पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या मनात त्याचे उत्तर अगोदरच तयार असते. ते उत्तर म्हणजे वाघ. ताडोबाचे नाव जगभर झाले आहे आणि त्याला आमचा इलाज नाही. ब्रह्मपुरीच्या वनविभागात तर अभयारण्याची वेस न मानणारे इतके वाघ वावरतात की, तिन्हीसांजेला शेतावरून परतणाऱ्या माणसाला वाघ पाहण्याची हौस मुळीच उरलेली नसते. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळपही गडचिरोलीच्या रानात फिरू लागला. वाघ झाले, हत्ती झाले, पाहुणा विचारतो, "आणखी?" मग दिवाळीनंतरचे दिवस असतील तर आम्ही त्याला झाडीपट्टीचे नाटक दाखवतो. रात्री सुरू झालेला प्रयोग कोंबडा आरवेपर्यंत चालला की पाहुण्याचे समाधान होते आणि तो नागपूरची गाडी पकडतो.

झाडीतली गावे मात्र कोणी कोणाला दाखवत नाही. गाव म्हणजे आपण जेथून निघून आलो ती जागा. तेथे पाहायचे काय? आमच्या घरचेही मत याहून निराळे नव्हते. ते बदलण्याचे श्रेय, वाचकहो, जपानला आहे.

झाले असे की, आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी जपानला जाऊन आले. त्यांची मुलगी आणि जावई नागोयाला असतात. मुला-नातवंडांसह एका दिवसाची सहल काढून ते डोंगरातले एक जुने गाव पाहून आले होते आणि त्या गावाची छायाचित्रे दाखवण्यासाठी त्यांनी आमच्या ओसरीवर एक अख्खी संध्याकाळ खर्ची घातली. गावाचे नाव शिराकावा. गिफू प्रांतातल्या डोंगरांच्या खोबणीत, शो नावाच्या नदीकाठी ते वसले आहे. हिवाळ्यात तेथे पुरुषभर बर्फ साचते. म्हणून घरांची छपरे इतकी उभट की, नमस्कारासाठी जोडलेले हातच जणू. त्या बांधणीचे जपानी नावही जोडलेल्या हातांवरूनच पडले आहे. छपराचा सांगाडा खिळे न ठोकता दोरांनी आवळलेला, त्यावर गवताचा जाड थर, आणि आत माळ्यावर माळे. त्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. १९९५ साली युनेस्कोने या गावांना जागतिक वारशाच्या यादीत बसवले, आणि तेव्हापासून जगातले लोक लोटत आहेत.

"पण खरी गंमत पुढेच आहे," आमचे सहकारी म्हणाले. छपराचे गवत काही दशकांनी बदलावे लागते. ते काम एका घराने अंगावर घेतले तर ते घर पुन्हा वर डोके काढणार नाही. म्हणून सारा गाव लोटतो. शेकडा-शेकडा माणसे एकाच वेळी छपरावर चढतात आणि दिवस-दोन दिवसांत काम उरकतात. आज तुझे छप्पर, पुढे कधी माझे. या रिवाजाला ते 'युई' म्हणतात. मराठीत याला सावड म्हणतात. नांगरणीसाठी गावाने बैलजोड्या घेऊन एकाच्या शेतावर जमावे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालावे, त्या प्रकाराला इर्जिक म्हणतात. शब्द आमच्याकडे दोन-दोन आहेत. छपरावर चढणारी माणसे तेवढी कमी झाली आहेत. शिराकावाच्या लोकांनी १९७१ साली आपल्या घरांसाठी आणि जमिनीसाठी तीन नेम केले : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही.

आमच्या मातोश्री कोपऱ्यात सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. चित्रांकडे त्यांनी फारसे पाहिले नव्हते. पण 'विकायचे नाही' हे शब्द कानी पडताच त्यांचा हात थांबला. "आणि एखाद्याला विकायचंच असलं तर?" त्यांनी विचारले. "त्याला कोण समजावते? आणि कसं?"

सहकारी गोंधळले. त्यांची बस चार वाजता सुटायची होती. एवढ्या खोलात ते शिरले नव्हते.

आईच्या प्रश्नामागे जपान नव्हते, हे घरातल्या सगळ्यांनी ओळखले. गावाकडे आमची अडीच एकर धानाची बांधी आहे आणि तिच्या डोईला एक लहानशी बोडी. सातबाऱ्यावर चार नावे : आई, मी, पुण्याला असलेला धाकटा भाऊ आणि भंडाऱ्याला दिलेली बहीण. रस्ता रुंद झाल्यापासून त्या जमिनीला ले-आऊट पाडणाऱ्यांची नजर लागली होती. भावाला मुलाच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बहीण म्हणे, तुम्ही ठरवाल ते. मी हो-नाहीच्या मध्ये. आणि गेली वीस वर्षे ती बांधी बटईने कसणारा माणूस दर शनिवारी बाजाराला आला की दारात येऊन बसे, चहा घेई, काही न विचारता निघून जाई. आई या विषयावर एक अक्षर बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी मला मेंढा गावाची आठवण झाली. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले हे गोंडांचे गाव; जवळच्या लेखा गावाचे नाव जोडून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. त्याच्यावर मिलिंद बोकिलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहिले आहे, आणि ते आमच्या कपाटात होते. 'एखाद्याला नाही पटले तर?' या एका प्रश्नावर त्या गावाने आपला सारा कारभार उभारला आहे, एवढे मला पुस्तकावरून ठाऊक होते. गाव आमच्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगे. पण इतक्या वर्षांत तिकडे जाण्याचे मनात आले नव्हते. मी तेथे निरोप धाडला. पौषातल्या एका रविवारी या, असे उत्तर आले. "किती माणसे, आणि कशासाठी?" असेही त्यांनी विचारून घेतले होते.

निघालो पाच जण : आई, सौभाग्यवती, बारावीतले चिरंजीव, सहावीतली कन्या आणि मी. चिरंजीवांचा क्रिकेटचा सामना बुडाला होता, म्हणून त्यांनी गाडीत बसताच डोळे मिटून घेतले. कन्येने पहिल्या मैलातच पाहुण्यांचा प्रश्न विचारला : "बाबा, तिथं बघायला काय आहे?" मी म्हटले, "बघायला काही नाही. ऐकायला आहे." यावर तिनेही डोळे मिटले.

ब्रह्मपुरी सोडली की थोड्या वेळात वैनगंगा येते. पौषात तिचे पात्र वाळूने भरलेले असते आणि पाणी एका कडेने, कोणाला त्रास नको अशा बेताने चाललेले. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली सुरू होतो. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा ही नदी सीमा ठरली. त्यापूर्वी आमच्या तालुक्याचे आणि आरमोरीचे सरकारदरबारी एकच दार होते. दोन्ही तीरांवर दृश्य मात्र एकच. धान कापून झालेल्या बांध्या, धुऱ्यांवर उभी तूर, ओल राहिलेल्या चिखलात पेरलेली लाखोळी, खळ्यावर धानाची पुंजणी, आणि प्रत्येक गावाला एक तलाव.

आरमोरीला चहा घेतला. हे गाव कोशाच्या रेशमासाठी प्रसिद्ध आहे. येथे ढिवर समाजाची माणसे रानातल्या ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात आणि पाखरांपासून त्यांची राखण करीत दिवस काढतात. शिराकावाच्या माळ्यांवरचे किडे तुतीचा पाला खात, आमचे ऐनाचा खातात. त्यांच्या डोक्यावर गवताचे छप्पर होते, आमच्यांच्या डोक्यावर आभाळ. सौभाग्यवतींनी रेशमाचा विषय येथे अधिक वाढवू दिला नाही. कारण तो वाढला असता तर दुकानापर्यंत गेला असता, आणि पैशाची पिशवी त्या दिवशी त्यांच्याकडे होती.

गडचिरोली शहराच्या अलीकडे कठाणी नदीचा पूल लागतो. ही नदी पावसाळ्यात पुलावरून जाऊ लागली की आरमोरीकडची वाहतूक थांबते आणि आम्हा सगळ्यांच्या बातम्यांत तिचे नाव येते. तीच नदी पुढे आम्हाला मेंढ्याजवळ भेटणार होती, पण बातम्यांत नसलेली. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि शेते मागे सरू लागली. चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम लागते. दवाखान्याला गोंड गावाचे रूप दिले, म्हणजे आदिवासींना तेथे यायला परके वाटणार नाही, हा विचार त्यांनी केला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रान जवळ येत गेले. साग, ऐन, मोह, बिजा, तेंदू, आणि त्यांच्या पायाशी बांबूची बेटे. आई खिडकीशी सरसावून बसल्या. त्यांचे माहेर असल्याच रानाच्या कडेचे. झाडांची नावे त्या पुटपुटत होत्या, ओळखीची माणसे दिसावीत तशी.

मेंढा गावात शिरताना कमान नाही, तिकीट नाही, खेळण्यांचे दुकान नाही. आहे ती एक पाटी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. चिरंजीवांनी ती वाचली आणि प्रथमच तोंड उघडले : "हे कायद्यात बसतं का?" नागरिकशास्त्र त्याने मन लावून वाचले असल्याचा हा मला मिळालेला पहिला पुरावा.

गाव शंभरेक घरांचे. कवेलूंची उतरती छपरे, मातीच्या भिंती, क्वचित विटांची नवी घरे. प्रत्येक घराभोवती बांबूचे कुंपण आणि मागे सांदवाडी. तीत वांगी, मिरची, पोपटाच्या शेंगांचे वेल. अंगणे इतकी नेटकी सारवलेली की पादत्राणे आपोआप हातात येतात. कन्येने एका घरात पाहिलेली बांबूची ढोली तिच्या उंचीहून मोठी होती. आतून शेणमातीने लिंपलेली, वर्षाचे धान मावणारी. कोणी आमच्याकडे कौतुकाने पाहिले नाही आणि कोणी दुर्लक्षही केले नाही. "जोहार" म्हणून एका मध्यम वयाच्या गृहस्थाने आम्हाला गोटुलाकडे नेले.

गोटुलाविषयी बाहेरच्यांनी भलभलते लिहिले आहे. तरुण मुलामुलींनी जमावे, नाचगाण्यातून आणि कामातून आपल्या समाजाची रीत शिकावी, अशी ही गोंडांची जुनी संस्था. मेंढ्यातले गोटुल मोडकळीस आले होते. गावाने ते रानातले सागवान आणून पुन्हा उभारले, तेव्हा वनखात्याने लाकूड बेकायदा ठरवून ते उतरवले. गाव हटून बसले. आसपासच्या गावांनीही आपापल्या गावी गोटुले उभारण्याचे ठरवले आणि मेंढ्याचे गोटुल पुन्हा उभे राहिले. आज आम्ही त्याच्याच सावलीत टेकलो होतो. त्या गृहस्थाने ही हकीकत कोणावर राग न धरता, पिकाची हकीकत सांगावी तशी सांगितली.

गावाची गोष्ट त्याच्याही मागून सुरू होते. १९८० च्या सुमारास इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम व इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणे बांधण्याचे ठरत होते. त्यांत रान आणि गावे बुडणार, म्हणून 'जंगल बचाव, मानव बचाव' असे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते. ती धरणे झाली नाहीत. पण आंदोलनातून परतलेल्या मेंढ्याच्या माणसांपुढे प्रश्न उरला : सरकारने जंगल मोडू नये म्हणतो, पण आपण स्वतः त्याचे काय करतो? गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. गावाने अभ्यासगट काढला. आठवड्या-पंधरवड्यात बसावे, बाहेरच्या जाणत्याला बोलवावे, कायदा वाचावा, एकमेकांस शंका विचाराव्यात. निरक्षर माणसांनी कायद्याचा अभ्यास करावा याचे आम्हा पदवीधरांना नवल वाटते. कायद्याने ज्यांचे रान हिरावले त्यांनी तो वाचावा यात त्यांना मात्र काही विशेष वाटत नाही.

संसदेने २००६ साली वनहक्काचा कायदा केला. त्यात व्यक्तीच्या शेताबरोबर साऱ्या गावाचा जंगलावरचा सामूहिक हक्कही मान्य झाला. कायदा सगळ्या देशासाठी होता. पण अर्जाचा कागद तयार ठेवून बसलेले गाव हे होते. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू अडलाच. वनखाते म्हणे, बांबू हे झाड आहे. गाव म्हणे, शास्त्राप्रमाणे तो गवताच्या जातीचा आहे आणि तुमच्याच कायद्यात तो गौण वनोपजात लिहिला आहे. हा व्याकरणाचा वाद वाटेल, पण त्यावर गावाची मिळकत अवलंबून होती. झाडावर सरकारची मालकी, गवतावर गावाची. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या गावी आले आणि बांबू वाहून नेण्याच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तोवर या भागातला बांबू कागदाच्या गिरणीला जाई. मी आयुष्यभर ज्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांत असल्या रानांचे किती बांबू संपले असतील, हा हिशेब मी मनातल्या मनात करू लागलो आणि सोडून दिला.

चिरंजीवांनी पाटीवरचा प्रश्न पुन्हा काढला. तो गृहस्थ हसला. "सरकार मुंबईत हाय ना बाबू. आम्ही त्याला नाही कुठं म्हन्तो? पन रानात कुराड कवा घालायची, हे मुंबईला कसं समजंल?"

जेवणाची शिदोरी आम्ही नेली होती : पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, तिळाचे लाडू. त्यांनी भात, तुरीचे वरण आणि सांदवाडीतल्या पोपटाची उसळ वाढली. सारे एकत्र करून पंगत झाली. जेवणानंतर एका तरुणाने आम्हा तिघांना, म्हणजे मला आणि मुलांना, रानात नेले. हा मुलगा बी. ए. झालेला, स्पर्धा परीक्षेला बसणारा. त्याने बांबूचे बेट दाखवले : कोवळे कोंब राखायचे, जून काठ्या तोडायच्या, बुंध्याशी किती ठेवायचे, कोणत्या वर्षी कोणत्या भागात जायचे. मोहाच्या झाडाखाली त्याने मध काढण्याची रीत सांगितली. पूर्वी पोळे जाळून मध काढीत. आता माश्या न मारता काढतात, म्हणजे पोळे पुन्हा भरते. कठाणीच्या काठाशी आलो. तीच नदी; येथे तिच्यात खडक आणि सावली होती. कन्येने पाण्यात पाय सोडले आणि 'बघायला काय आहे' हा प्रश्न त्यानंतर काही काढला नाही.

मी त्या तरुणाला विचारले, "परीक्षा पास झालास तर गाव सोडशील?"

"सोडीन ना सर," तो म्हणाला. "पगार लागतो. पन माझं नाव ग्रामसभेत राहील. मी आलो की बसीन." मग थोडे थांबून म्हणाला, "सभा लई लांबते सर. कधी कधी कंटाळा येते."

हे ऐकून मला बरे वाटले. त्या गावाविषयी कागदावर वाचताना ते संतांचे गाव वाटते. ते तसे नाही. तेथे भांडणे होतात, तरुण बाहेर जातात, सरकारी कागद वर्षानुवर्षे अडतात, आणि सभेत कंटाळाही येतो. शिराकावालाही आता प्रवाशांची गर्दी गावकऱ्यांना पुरून उरते, असे आमच्या सहकाऱ्यांनी सांगितलेच होते. गाव टिकते ते कंटाळा येऊनही पुन्हा बसणाऱ्या माणसांमुळे.

आम्ही परतलो तेव्हा आई एका अंगणात चारपाच बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या. गृहिणीही तेथेच. कोणी शेंगा सोलत होते, कोणी पोराला थोपटत होते. आईने आपल्या पोटातले काढलेच होते.

"ठरवताना तुम्ही हात वर करता का? जास्तीचे हात ज्याचे, त्याचं खरं?"

"न्हाई," एक वयस्क बाई म्हणाली. "हात वर केले का हारलेला घरी जाऊन तोंड फिरवून बसते. सगळ्याईले पटलं पाहिजे."

"आणि एकीला नाही पटलं तर?"

"त मंग उठतो. पुन्ना बसतो."

"तरी नाही पटलं?"

"तरी पुन्ना बसतो. तिचं काय हाय ते आइकतो. कधी तिलेच पटते, कधी आमाले तिचं पटते." दारूबंदीचा ठराव असाच कितीदा तरी बसून झाला, असे दुसरीने सांगितले. पूजेपुरती सोडून गावात दारू नको, हे सगळ्यांच्या गळी उतरेपर्यंत बायांनी धीर धरला.

मग आईने जमिनीचे विचारले. येथे ऐकलेली गोष्ट मला आमच्या सातबाऱ्यावर घासून पाहण्याजोगी वाटली. विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीहून भूदान सुरू केले. त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना निघाली. सगळ्यांनी जमिनीची मालकी गावाच्या नावे करायची, कसायची मात्र आपापली. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढायचा. बाहेरच्याला विकायची नाही. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ साली कायदा केला. ग्रामदानाची चळवळ ओसरली, कायदा पुस्तकात राहिला. मेंढ्याच्या अभ्यासगटाला तो तेथे सापडला, आणि २०१३ साली गावातल्या जमीनधारकांनी आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. बिगारीने नव्हे, कोणाच्या भाषणाने नव्हे, वर्षानुवर्षे बसून.

"तुमची बांधी कोन कसते?" त्या वयस्क बाईने आईला विचारले.

आईने सांगितले.

"त्याले इचारलं का?"

आई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचं नाव कागदावर नाही ना बाई."

"कागदावर आमचं रान बी नव्हतं," ती बाई म्हणाली, आणि शेंगा सोलू लागली.

निघताना गावाने आमच्याकडून काही घेतले नाही. मी देऊ केलेली पुस्तके तेवढी त्यांनी अभ्यासगटाच्या पेटीसाठी ठेवून घेतली आणि वहीत नोंदवली. ऊन उतरायच्या आत रान ओलांडावे, म्हणून साडेतीनला गाडी काढली. मुले झोपली. शोधग्राम गेले, गडचिरोली गेली, कठाणीचा पूल गेला. देऊळगावच्या पुढे आई म्हणाल्या, "आपलं असं बसणं एकदाही झालं नाही. फोनवर बोलणं होतं एकेकाचं. सगळे एका चटईवर बसले पाहिजेत."

"बसू," मी म्हटले.

"आणि कसणाऱ्यालाही बोलवायचं. त्याचं कागदावर नसलं तरी."

सौभाग्यवतींनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी वैनगंगेकडे पाहिले. सूर्य नदीत उतरत होता.

पहिली बैठक अक्षय्यतृतीयेला झाली. भाऊ पुण्याहून आला, बहीण भंडाऱ्याहून; कसणारा माणूस धुतलेले धोतर नेसून आला आणि चटईच्या अगदी कडेला बसला. आईने त्याला हाताला धरून मध्ये बसवले. तीन तास चालली, आणि काही ठरले नाही. भाऊ चिडला, पण जेवून गेला. मात्र त्या दिवशी प्रथमच आईने आपले म्हणणे सांगितले : बोडी विकायची नाही, तिच्यात तिच्या सासऱ्याने खांद्यावर माती वाहिली आहे. आणि प्रथमच कसणाऱ्याने तोंड उघडले : अर्धी जमीन राहिली तरी मी तीच कसतो, पण ले-आऊटचा रस्ता बोडीच्या पाळीवरून गेला तर खालच्या सहा जणांचे धान वाळेल. हे आमच्यापैकी कोणाच्याही हिशेबात नव्हते. ते सहा जण तर सातबाऱ्याच्या आसपासही नव्हते.

दुसरी बैठक पोळ्याच्या पाडव्याला झाली. भावाने मुलाच्या शिक्षणाचा हिशेब कागदावर मांडून आणला. तो खरा होता, आणि आईने तो नातीकडून दोनदा वाचून घेतला. बहिणीने, 'तुम्ही ठरवाल ते' म्हणणे सोडून, आपला वाटा काही वर्षे भावाला वापरू देण्याची गोष्ट काढली. भाऊ विचार करतो म्हणाला. पुन्हा काही ठरले नाही. ले-आऊटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला आई सांगतात, "आमचं बसणं चालू आहे." हे वाक्य त्याला कोठल्याच खात्यात टाकता येत नाही.

तिसरी बैठक भाऊबीजेला आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती व्हायची असेल किंवा होऊन गेली असेल. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी आता मेंढ्याचे नाव सांगतो. मात्र अगोदर निरोप पाठवा, कशासाठी येता ते सांगा, आणि जेवायला वेळ काढून जा, एवढे बजावतो. बांधीत यंदा धान चांगले आले आहे. बोडी भरलेली आहे.